एक डाव आणि 409 धावा: होळकर संघाच्या एका पराभवाचा अभ्यास

मार्च 1947. रणजी करंडकाचा अंतिम सामना बडोद्यात. यजमान बडोदा, आणि समोर आमच्या इंदूरचा होळकर संघ, आदल्या हंगामाचा विजेता. होळकरचा पहिला डाव 202 धावांत आटोपला. बडोद्याचेही 3 गडी 91 धावांत परतले, म्हणजे तोवर सामना कुणाचाही होऊ शकत होता. मग विजय हजारे यांच्या जोडीला गुल महंमद आले. पुढची 533 मिनिटं, जवळजवळ नऊ तास, ही जोडी फुटली नाही. हजारे 288, गुल महंमद 319, भागीदारी 577 धावांची. प्रथम श्रेणी क्रिकेटमधली कोणत्याही गड्यासाठीची जगातली ती सर्वांत मोठी भागीदारी ठरली. ती मागे पडायला 2006 साल उजाडलं, कोलंबोत संगकारा आणि जयवर्धने यांनी 624 धावा जोडल्या तेव्हा. बडोद्याचा डाव 784 वर संपला. होळकरचा दुसरा डाव 173. एक डाव आणि 409 धावांनी हार.

पुढच्याच हंगामात, 1947-48 मध्ये, होळकर संघ पुन्हा अंतिम सामन्यात होता. समोर मुंबई. इंदूरच्या मैदानावर होळकरनं तो सामना 9 गडी राखून जिंकला.

मी 22 वर्षं इंदूरच्या एका शाळेत क्रीडाशिक्षक आहे, सकाळी मुलांचे नेट्स घेतो. दर जूनमध्ये पालक येतात आणि पहिला प्रश्न विचारतात, ‘सर, सिलेक्शनला किती महिने लागतील?’ प्रश्न चुकीचा नाही. लेकरामागे पैसा, वेळ, पहाटेची झोप घालणाऱ्या माणसाला तो पडणारच. पण मला त्याचं उत्तर महिन्यांत देता येत नाही, म्हणून मी त्यांना या दोन सामन्यांमधल्या एका वर्षाबद्दल सांगतो. ते बोलणं इथे सविस्तर लिहून काढतो आहे.

आजोबांची वही

आमचं घर रामबागेतलं. आजोबा कापड मार्केटमध्ये मुनीम होते. होळकरचे सामने त्यांनी यशवंत क्लबच्या मैदानावर पाहिलेले, बहुतेक वेळा उभ्यानं. त्यांची एक लाल कापडी पुठ्ठ्याची वही घरात आहे, पेढीवर असते तशी आडवी, दोरीनं बांधलेली. तिच्यात घरखर्च आहे, लग्नांचे आहेर आहेत, आणि शेवटच्या पानांवर होळकर संघाच्या अंतिम सामन्यांची नोंद आहे. मुनीमच ते. डावीकडे जमा, उजवीकडे नावे. जिंकलेला सामना जमेला, हरलेला नावे.

लहानपणी ती पानं मी नुसती उलटली होती. शिक्षक झाल्यावर एकदा नीट वाचली, आणि त्यातला क्रम पाहून थबकलो. 1944-45, मुंबईकडून 374 धावांनी हार: नावे. 1945-46, बडोद्यावर 56 धावांनी विजय: जमा. 1946-47, बडोद्याकडून एक डाव आणि 409 धावांनी हार: नावे. 1947-48, मुंबईवर विजय: जमा. 1948-49 ला अंतिम फेरी नाही, तिथे आजोबांनी आडवी रेघ मारली आहे. 1949-50, पुन्हा बडोद्याकडून हार: नावे. 1950-51, गुजरातवर 189 धावांनी विजय: जमा. 1951-52, मुंबईकडून 531 धावांनी हार: नावे. 1952-53, कोलकात्यात बंगालवर पहिल्या डावातल्या आघाडीच्या जोरावर विजय: जमा.

चार अजिंक्यपदं. चारही हरलेल्या अंतिम सामन्याच्या लगोलग पुढच्या हंगामात.

होळकर संघाबद्दल बोलणारे सगळे त्या चार करंडकांबद्दल बोलतात. मला मात्र तेव्हापासून उजवीकडचा रकाना जास्त महत्त्वाचा वाटतो. 374, 409, 531 हे आकडे एखाद्या संघाचा धीर कायमचा खचवायला पुरेसे आहेत. इतक्या फरकानं हरलेले संघ पुढच्या वर्षी दुसऱ्या-तिसऱ्या फेरीतच गळतात, कर्णधार बदलतो, ज्येष्ठांना घरी बसवलं जातं, आपापसांत तोंडं फिरतात. इथे दरवेळी तीच मंडळी बारा महिन्यांनी त्याच उंबरठ्यावर उभी.

नऊ तास उन्हात

बडोद्याच्या त्या नऊ तासांत प्रत्यक्ष काय झालं असेल, हे मैदानावर उभं राहिलेल्याला कळतं. गोलंदाज धावत सुटला की प्रत्येक क्षेत्ररक्षकानं दोन पावलं पुढे यायचं असतं. चेंडू आपल्याकडे येवो न येवो. ती दोन पावलं टाकली तरच गुडघे सैल राहतात आणि चेंडू सुटताच शरीर कुठल्याही बाजूला झेपावू शकतं. चेंडू झाला की दोन पावलं मागे. एका षटकात सहा वेळा पुढे, सहा वेळा मागे. दिवसभराच्या खेळात हे पाचशेवर वेळा. मार्चमध्ये, बडोद्यात.

मुलांच्या सामन्यात मी धावफलक फार बघत नाही, ही पावलं बघतो. पहिल्या तासात अकराही जण पुढे येतात. जेवणानंतर थर्डमॅन थांबतो. भागीदारी शंभराच्या पुढे गेली की कव्हरवाला कमरेवर हात ठेवतो. दीडशेच्या पुढे फक्त यष्टिरक्षक आणि एखाद-दुसरा जिद्दी पोरगा हलत असतो, बाकीचे खांबासारखे उभे. झेल सुटतो तो नेमका तेव्हा. लोक म्हणतात झेल सुटला, हातानं दगा दिला. तो अर्ध्या तासापूर्वीच पायांनी सोडलेला असतो.

577 च्या भागीदारीत होळकरच्या क्षेत्ररक्षकांचे पाय शेवटपर्यंत हलत होते की नाही, हे पाहिलेलं आज कुणी उरलं नाही. पण पुढच्या मोसमात ज्या संघानं मुंबईसारख्या संघाला 9 गडी राखून हरवलं, त्या संघातली सवय मेलेली नव्हती, एवढं त्या निकालावरून सरळ दिसतं. एका हंगामात नवी सवय लागत नाही. जुनीच टिकलेली असावी लागते.

सवय कुठून आली

याचं उत्तर एका माणसापाशी सुरू होतं. कोट्टारी कनकय्या नायडू, म्हणजे सी. के., जन्म 1895, नागपूर. 1923 मध्ये होळकर दरबाराच्या बोलावण्यावरून ते इंदूरला आले. होळकरांच्या सैन्यात त्यांना हुद्दा मिळाला, म्हणून आमच्याकडची जुनी माणसं त्यांना ‘कर्नलसाहेब’ म्हणत. 1926 मध्ये मुंबई जिमखान्यावर एमसीसी या इंग्लंडहून आलेल्या संघाविरुद्ध त्यांनी 11 षटकारांसह 153 धावा दोन तासांच्या आत केल्या, आणि त्या खेळीनं भारताला कसोटीचा दर्जा मिळण्याच्या वाटेवर मोठा हातभार लावला. 1932 मध्ये लॉर्ड्सवर भारताच्या पहिल्या कसोटीचे ते कर्णधार होते.

इथवरची गोष्ट सगळ्यांना ठाऊक असते. माझ्या दृष्टीनं खरी गोष्ट त्यानंतरची आहे. इतकं मिळवून झाल्यावर, चाळिशी ओलांडल्यावर, बहुतेक खेळाडू सत्काराच्या हारांत रमतात. सी. के. होळकर संघाचं नेतृत्व करत होते. 1945-46 च्या अंतिम सामन्यात बडोद्याविरुद्ध त्यांनी 200 धावा केल्या, तेव्हा त्यांचं वय 50 होतं. 1944-45 ते 1952-53 या नऊ हंगामांत त्यांच्या हाताखाली संघ आठ वेळा अंतिम फेरीत गेला. शेवटचा करंडक उचलला तेव्हा ते 57 वर्षांचे होते. त्यांच्या शिस्तीचा संघात दरारा होता. पण पंचविशीतल्या पोरानं सकाळी मैदानावर वेळेवर यावं असं वाटत असेल, तर पन्नाशीतला कर्णधार त्याच्या आधी तिथे आलेला दिसावा लागतो. याला दुसरा उपाय मला तरी 22 वर्षांत सापडलेला नाही.

त्यांचे धाकटे बंधू सी. एस. नायडू लेगस्पिनर होते. 1944-45 च्या अंतिम सामन्यात, जो होळकर हरला, त्यांनी दोन डावांत मिळून 152.5 षटकं टाकली. पहिल्या डावात 64.5, दुसऱ्यात 88. म्हणजे 917 चेंडू. त्यांत 428 धावा गेल्या आणि 11 गडी मिळाले. एका सामन्यात एका गोलंदाजानं टाकलेले इतके चेंडू प्रथम श्रेणी क्रिकेटमध्ये दुसऱ्या कुणाच्या नावावर नाहीत.

या आकड्यापाशी मी मुलांना जरा थांबवतो. लेगस्पिन अनामिकेवर टाकतात. चेंडूच्या शिवणीची कड त्या बोटाच्या पहिल्या पेरावर घासत सुटते. नव्या मुलाची चामडी साठ-सत्तर चेंडूंत लाल होते, शंभरात फाटते. मग आठवडाभर पट्टी. पट्टी सुटली की पुन्हा तेच, आणि तिसऱ्या-चौथ्या खेपेला तिथे पिवळसर घट्टा धरायला लागतो. हा घट्टा विकत मिळत नाही, आणि तीन आठवडे सराव सोडला तर नाहीसा होतो. सी. एस. यांच्या बोटानं 917 चेंडू सोसले ते काही त्या मार्च महिन्यात कमावलेल्या चामडीवर नव्हे. पहिला डाव टाकून झाल्यावर दुसऱ्यात पुन्हा 88 षटकं, आणि समोर 764 धावा होत असताना. त्यातही पाच गडी. हरणाऱ्या संघात.

मराठीत रतीब हा एक शब्द आहे. दुधाचा रतीब. काल दूध नासलं, काल गिऱ्हाईक भांडलं, म्हणून दूधवाला आज यायचा राहत नाही. मला होळकर संघाची मेहनत या शब्दात सापडते. तिच्यात जोश किती होता ते मोजता येत नाही, पण खंड नव्हता हे वहीच्या पानावर दिसतं.

मुश्ताक अलींचंही तेच. इंदूरचाच मुलगा, 1914 चा जन्म. तो तेरा वर्षांचा असताना सी. के. यांची नजर त्याच्यावर पडली. सुरुवात डावखुऱ्या फिरकीपासून झाली, आणि पुढे 1936 मध्ये मँचेस्टरला सलामीला येऊन त्यानं 112 धावा केल्या, परदेशातल्या कसोटीत भारतीयाचं पहिलं शतक. चंदू सरवटे सागरचे, मराठी घरातले. 1946 मध्ये ओव्हलवर सरे संघाविरुद्ध भारताचे 9 गडी 205 धावांत गेले असताना दहाव्या क्रमांकावरच्या सरवट्यांनी शूट बॅनर्जी यांच्यासोबत शेवटच्या गड्यासाठी 249 धावा जोडल्या. सरवटे नाबाद 124, बॅनर्जी 121. दहावा आणि अकरावा, दोघांची एकाच डावात शतकं, असं प्रथम श्रेणी क्रिकेटमध्ये पुन्हा कधी झालेलं नाही. आणि त्याच वर्षी, 1945-46 च्या मोसमात, म्हैसूरविरुद्ध इंदूरला होळकरनं 8 बाद 912 धावा केल्या. भांडारकर 142, सरवटे 101, जगदाळे 164, सी. के. 101, निंबाळकर 172, प्रताप सिंग 100. एका डावात सहा शतकं. आजोबा ही नावं एका दमात म्हणत, स्तोत्र म्हणावं तशी.

पैशाचा प्रश्न

इथे एक आक्षेप येतो, आणि तो मी टाळत नाही. होळकर हे संस्थान होतं. खेळाडूंना बाहेरून आणायला, नोकऱ्या द्यायला पैसा होता. सी. के. स्वतः नागपूरहून आणलेले. 1944-45 च्या अंतिम सामन्यात तर इंग्लंडचे डेनिस कॉम्प्टन होळकरकडून खेळले. युद्धामुळे त्यांची नेमणूक महूच्या छावणीत होती, इंदूरपासून घटकाभराच्या वाटेवर. त्यांनी दुसऱ्या डावात नाबाद 249 धावा केल्या. मग यात मेहनतीचं कौतुक किती आणि तिजोरीचं किती?

पैशाचं श्रेय आहेच. नोकरीची हमी नसती तर सरावाला सकाळ मोकळी मिळाली नसती, आणि आजही ज्या मुलाला शाळा सुटल्यावर दुकानात बसावं लागतं त्याला मी मेहनतीवर भाषण देत नाही. पण पैसा इतर संस्थानांकडेही होता. नवानगर होतं, पतियाळा होतं, बडोदा तर होतंच. अकरा हंगामांत दहा अंतिम फेऱ्या त्यांच्यापैकी कुणाच्या झाल्या नाहीत. आणि कॉम्प्टनसारखा खेळाडू नाबाद 249 करूनही तो सामना 374 धावांनी गेला. करंडक पुढच्या वर्षी आला, तेव्हा कॉम्प्टन नव्हते.

याहून मोठा पुरावा तारखांमध्ये आहे. मे 1948 मध्ये होळकर संस्थान मध्य भारतात विलीन झालं. राज्य गेलं. वहीत बघितलं तर चार अजिंक्यपदांपैकी दोन विलीनीकरणाच्या आधीची आहेत आणि दोन नंतरची. ज्या छत्राखाली संघ वाढला ते उतरल्यावरही पाच वर्षं संघ त्याच उंचीवर होता. नुसत्या पैशानं उभं केलेलं पैशाबरोबर बसलं असतं. संस्थानानं माणसांना सवय लावण्याइतका वेळ दिला, आणि वेळ संपला तेव्हा सवय त्या माणसांच्या मालकीची झालेली होती. माझा निष्कर्ष हा आहे, आणि तो मी ठामपणे मांडतो.

मुंबई, 1951-52

त्या वर्षीचा अंतिम सामना 531 धावांनी हरलेला. आकड्यात बघितलं तर संघाच्या सर्वांत वाईट दिवसांपैकी एक. त्या सामन्यात दत्तू फडकरांचा उसळता चेंडू सी. के. यांच्या तोंडावर बसला. दात तुटले. तेव्हा हेल्मेट नाही, काही नाही, आणि समोरचा फलंदाज 56 वर्षांचा. त्यांनी खेळपट्टी सोडली नाही. तसेच उभे राहिले आणि 66 धावा करून परतले.

हा प्रसंग शौर्याचा म्हणून सांगितला जातो, आणि तो आहेच. मुलांना मात्र मी बजावतो की डोक्याला, तोंडाला चेंडू लागला की ताबडतोब बाहेर यायचं, डॉक्टरांना दाखवायचं, यात वाद नाही. काळ वेगळा होता. मला त्या प्रसंगातलं वेगळंच काही मोलाचं वाटतं. सामना हातातून गेला होता. त्या 66 धावांनी निकाल बदलणार नव्हता. तरी खेळताना काटकसर केली नाही. आणि ड्रेसिंग रूममध्ये बसलेल्या तरुणांनी ते पाहिलं, तेच तरुण पुढच्या वर्षी कोलकात्याला जिंकले. जिंकायला शिकवणारे मार्गदर्शक पुष्कळ मिळतात. हरलेला दिवस पूर्ण कसा खेळायचा, हे आपल्या संघातलाच मोठा माणूस खेळताना दिसल्याशिवाय कळत नाही.

जिथे साखळी तुटली

वहीतल्या आजोबांच्या हातच्या शेवटच्या दोन नोंदी नावेच्या रकान्यात आहेत. 1953-54, मुंबईकडून हार. सी. के. तेव्हा होळकर संघात नव्हते. नेहमीच्या क्रमानं पुढची नोंद जमेला यायला हवी होती. 1954-55 मध्ये मद्रासविरुद्ध अंतिम सामना झाला आणि होळकर 46 धावांनी हरला. आजोबांनी 46 हा आकडा दोनदा गिरवला आहे. त्यानंतर होळकर या नावानं संघ उतरला नाही. पुढे मध्य भारत, मग मध्य प्रदेश.

नाव गेलं म्हणून सगळं गेलं, असं इंदुरात हळहळून म्हणतात. मला ते पुरतं पटत नाही. पिढी एकदमच थकली होती. मुश्ताक चाळिशीला आलेले, सरवटे पस्तिशीजवळ. ज्या नेटानं सी. के. यांनी तेरा वर्षांच्या मुश्ताकला हेरलं, तशी दुसरी फळी त्या वैभवाच्या काळात त्याच प्रमाणात उभी राहिली नाही. जिंकत असताना नव्या मुलाला जागा देणं अवघड असतं. माझ्याही शाळेच्या संघात मी ही चूक केली आहे. दोन वर्षं लागोपाठ तेच अकरा जण उतरवले, ते दहावी होऊन गेले, आणि तिसऱ्या वर्षी पहिल्याच फेरीत घरी आलो. त्याला मीच जबाबदार होतो.

तरी धागा पूर्ण तुटला नाही. सरवटे राष्ट्रीय निवड समितीत गेले. 1983 चा विश्वचषक जिंकणारा संघ निवडणाऱ्यांत ते होते. जगदाळ्यांचे पुत्र संजय जगदाळे इंदूरमध्ये मुलं घडवत राहिले. गोरखपूरहून आलेला एक जाडसर पोरगा त्यांच्या हाताखाली घाम गाळून लेगस्पिनर झाला, आणि जानेवारी 1988 मध्ये मद्रासला वेस्ट इंडीजविरुद्ध पहिल्याच कसोटीत त्यानं 16 गडी घेतले. नरेंद्र हिरवाणी. पुन्हा लेगस्पिन, पुन्हा इंदूर.

1998-99 मध्ये मध्य प्रदेशचा संघ अंतिम फेरीत गेला. बंगळुरूला, कर्नाटकाविरुद्ध, पहिल्या डावात आघाडी घेऊनही हरला. कर्णधार होते चंद्रकांत पंडित. 23 वर्षांनी तेच पंडित प्रशिक्षक म्हणून त्याच मैदानावर संघ घेऊन आले. समोर मुंबई, पहिल्या डावात 374. यश दुबे 133, शुभम शर्मा 116, आमच्या इंदूरचा रजत पाटीदार 122, आणि मध्य प्रदेश 536. 26 जून 2022 रोजी 6 गडी राखून विजय. मध्य प्रदेशच्या नावावरचं रणजी करंडकाचं पहिलं अजिंक्यपद. 1999 ची नोंद वडिलांनी आजोबांच्या वहीत नावे टाकली होती. 2022 ची मी जमेला लिहिली. मधली 23 वर्षं त्या पानावर दोन ओळींच्या अंतराएवढीच दिसतात.

आमच्या नेट्सवर

या अभ्यासातून माझ्या कामात दोन बदल झाले. संघात दरवर्षी किमान तीन जागा खालच्या वर्गातल्या मुलांना, मग आम्ही जिंकत असलो तरी. आणि सामना हरलो की दुसऱ्या दिवशीचा सराव रद्द होत नाही, लांबतही नाही. नेहमीसारखाच सव्वासहाला. पहिली वीस मिनिटं झेल, मग ती दोन पावलं. कालच्या सामन्यावर चर्चा बुधवारी, आधी नाही. सोमवारी मुलांच्या डोक्यात फक्त चूक कुणाची एवढंच असतं, त्या चर्चेतून काही निघत नाही.

पालकांना सुरुवातीला हे कठोर वाटलं. एक वहिनी आल्या, म्हणाल्या, ‘सर, लेकरू रात्रभर रडलंय, आजच्या दिवस राहू द्या ना.’ मी म्हटलं, ‘वहिनी, रडू दे, झोप झाली नसेल तर अर्धा तास बसवून ठेवतो, बॅटला हात लावू देत नाही. पण येऊ द्या.’ तो आला. पायरीवर बसला. दहा मिनिटांनी स्वतःच उठून झेलांच्या रांगेत उभा राहिला.

गेल्या हिवाळ्यात आमचा संघ आंतरशालेय स्पर्धेच्या उपांत्य फेरीत फार वाईट हरला. सातवीतला आमचा लेगस्पिनर 14 षटकं टाकून एकही गडी न मिळवता परतला, अनामिकेच्या पेराला चीर पडलेली. बसमध्ये कुणी बोललं नाही. त्याला मी सी. एस. यांचा 917 चा आकडा कधीतरी सांगितला होता. तेव्हापासून तो गणिताच्या वहीच्या मागच्या पानावर रोज टाकलेले चेंडू लिहितो, चार उभ्या रेघा आणि एक तिरपी, असे पाचाचे जुडगे. त्या रविवारी त्यानं 84 लिहिले होते.

सोमवारी सव्वासहाला धुकं होतं, समोरचं टोक दिसत नव्हतं. 17 मुलांपैकी 16 हजर होती. लेगस्पिनर बोटाला पट्टी बांधून आला होता, डाव्या हातानं झेल घेत होता. सतराव्याच्या घरी मी फोन लावला. आई म्हणाली, तो पावणेसहालाच निघालाय. मुलांना झेलांवर लावून मी फाटकापर्यंत गेलो. रस्त्याच्या कडेला, दिव्याखाली, तो सायकलची उतरलेली चेन बसवत होता.